भाताचा वाडगा जमला, ताटली हुकली

गेले आठ महिने आमच्या घरी रोजच्या जेवणासाठी सिरॅमिकचा एक संच वापरात आहे. एका छोट्या स्टुडिओने तो घडवला असून सोबतच्या पत्रकात ‘आशियातील घरगुती जेवणाची ऊब देणारी भांडी’ असे त्याचे वर्णन केले आहे. भाताचे चार वाडगे, नूडल्स किंवा सूपसाठी चार मोठे वाडगे, चार सपाट ताटल्या, चटणी किंवा सॉससाठी चार छोट्या बश्या, चार चमचे आणि मधोमध ठेवायचे झाकणाचे एक भांडे एवढा ऐवज त्यात आहे. स्टुडिओचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण यातल्या काही भांड्यांबद्दल माझी तक्रार आहे आणि ती एका स्टुडिओपुरती नाही. अशा धर्तीचे संच हल्ली बरेच जण करतात आणि त्याच चुका अनेकांच्या हातून होताना दिसतात.

आशिया केवढा मोठा आणि त्यातले स्वयंपाक एकमेकांपासून किती निराळे, हे लक्षात घेतले तर ‘आशियाई घरगुती जेवण’ हा शब्दप्रयोग फारच ढोबळ वाटतो. तरीही एक पदार्थ असा आहे की जो या खंडाच्या फार मोठ्या भागात आजारपणात, म्हातारपणी, बाळाच्या पहिल्या घासांसाठी किंवा नुसतेच दमून घरी आल्यावर केला जातो, आणि तो म्हणजे तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवून केलेली पेज. जपानमध्ये तिला ओकायु म्हणतात, कोरियात जुक, व्हिएतनाममध्ये चाओ आणि इंडोनेशियात बुबुर. तमिळमध्ये ती कंजी होते आणि इंग्रजीतला काँजी हा शब्दही तिथूनच गेलेला आहे. पेज हा भांड्याची परीक्षा घेणारा पदार्थ आहे. ती वाढताना अतिशय गरम असते, पातळ असल्यामुळे हिंदकळते, बरेचदा काठाला ओठ लावून प्यावी लागते आणि जो ती पितो त्याच्या हातात पुष्कळदा फारशी शक्ती नसते. म्हणून या संचातली पहिली परीक्षा मी पेजेनेच घेतली.

भाताचा वाडगा या परीक्षेत उत्तम उतरला. त्याचा व्यास १२ सेंटिमीटर आहे, उंची साडेसहा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो २१५ ग्रॅम भरला. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना आणि मधली बोटे एकमेकांना टेकवली की जे वर्तुळ तयार होते ते साधारण एवढेच असते. जपानमधल्या भाताच्या वाडग्याचे रूढ माप चार सुन, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर, हेही त्याच्या जवळचेच आहे. खाली एक सेंटिमीटर उंचीचे कडे आहे, ज्यावर वाडगा बसतो. अंगठा वरच्या काठावर आणि बाकीची बोटे या कड्याखाली अशी पकड घेतली की बोटांचा गरम भागाशी संबंध येत नाही आणि वाडगा तोंडाजवळ नेता येतो. हे कडे दोन-तीन मिलिमीटरने जरी बुटके केले असते तरी बोटे तळाला टेकली असती, म्हणून ते एवढेच उंच ठेवणाऱ्या कुंभाराने स्वतः त्यातून काहीतरी गरम पिऊन पाहिले असणार, अशी माझी खात्री आहे.

माझ्या सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे. त्यांची संध्याकाळची पेज इतकी वर्षे स्टीलच्या वाटीत असायची आणि ती वाटी त्या पदराची घडी करून दोन्ही हातांनी धरत. स्टीलपेक्षा भाजलेली माती उष्णता साधारण दहापट सावकाश वाहून नेते आणि इथे भिंतही तिप्पट-चौपट जाड आहे, हे कारण मला ठाऊक होते. पण त्याचा अर्थ नीट कळला तो त्यांनी या वाडग्यातून पहिल्यांदा पेज घेतली तेव्हा. पदर त्यांनी सवयीने पुढे घेतला, वाडगा उचलला आणि मग पदर सोडून दिला. उजव्या हाताची दोन बोटे कड्यात अडकवून, डावा तळवा बाजूला नुसता टेकवून त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, “अगं, याला धरायला जागा आहे.” या वाक्यात या वाडग्याचे सगळे परीक्षण आले असे मला वाटते.

बुडाच्या कड्याला इतके महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. जपानमध्ये एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) ओसाका आणि क्योतो यांच्यामधल्या योदो नदीवर प्रवासी नौका चालत आणि छोट्या होड्यांतून विक्रेते त्यांच्याजवळ येऊन खाद्यपदार्थ विकत. ‘खाणार नाही का’ अशा अर्थाच्या त्यांच्या रांगड्या हाळीवरून त्यांच्या वाडग्यांनाच ‘कुरावांका’ हे नाव पडले. हासामीसारख्या ठिकाणी हे स्वस्त वाडगे मोठ्या संख्येने भाजले जात. नौका हलली तरी कलंडू नयेत म्हणून ते जाड असत, बुड जड असे आणि खालचे कडे रुंद असे. आज संग्रहालयांच्या काचेमागे हे वाडगे पाहणाऱ्याला त्यांचा जाडेभरडेपणा आवडतो, पण तो कोणी आवडावा म्हणून केलेला नव्हता. डोलत्या नौकेत कोणाच्या तरी हातात गरम जेवण होते, एवढेच त्यामागचे कारण. आमच्या संचातल्या वाडग्याचे कडे ५ सेंटिमीटर रुंद आहे, तळाची माती भिंतीपेक्षा जाड ठेवली आहे, आणि आठ महिन्यांत एकदाही तो मुलांच्या हाताच्या धक्क्याने कलंडलेला नाही.

याच वाडग्याच्या काठाबद्दल आणि आतल्या गोलाईबद्दलही लिहायला हवे. काठ सुमारे तीन मिलिमीटर जाड आहे आणि अगदी किंचित बाहेर झुकलेला आहे, त्यामुळे ओठाला तो बोचत नाही आणि पेजेचा ओघळ बाहेरच्या अंगाला उतरत नाही. आतून तळ आणि भिंत यांच्यामध्ये कोपरा असा कुठेच नाही. चमचा एका बाजूने खाली उतरतो तो न अडखळता दुसऱ्या बाजूने वर येतो, आणि शेवटचे शितही त्यात येते. तळाच्या मध्यावर बोटाने दाबल्यासारखा एक लहानसा खळगा आहे, ज्यात भट्टीत वितळलेली झिलई, म्हणजे मातीवरचा काचेसारखा थर, साचून तिला उथळ पाण्यासारखा हिरवट रंग आला आहे. भरल्या वाडग्यात तो दिसत नाही. जेवण संपत आले की तो हळूहळू वर येतो. कुरावांका वाडग्यांच्या तळाशीही पुष्कळदा पाच पाकळ्यांच्या फुलाचा ठसा असे. जेवणाऱ्यालाच आणि तेही जेवण संपल्यावरच दिसावी अशी सजावट करणे हा फार जुना आणि फार प्रेमळ संकेत आहे, आणि या स्टुडिओने त्याची नक्कल न करता आपल्या पद्धतीने तो पाळला आहे.

मोठ्या वाडग्यांकडे वळले की हा विचार एकदम सुटलेला दिसतो. त्यांचा व्यास १९ सेंटिमीटर आहे, भिंती जवळजवळ सरळ उभ्या आहेत, आणि बुडाला कडे म्हणून जे आहे ते जेमतेम तीन मिलिमीटर उंच आहे. रिकामा वाडगा ६४० ग्रॅमचा आहे. त्यात नूडल्स आणि रस्सा मिळून ६०० मिलिलिटर भरले की सव्वा किलो होते. कोरियात भाताचे आणि सूपचे भांडे टेबलावरच ठेवून चमच्याने जेवायचे असते, ते उचलणे शिष्टसंमत नाही. जपानमध्ये मात्र वाडगा हातात घेऊन जेवणे हीच रीत आहे. दोन्ही पद्धती आशियातल्याच आहेत आणि त्यांना लागणारी भांडी वेगळी आहेत. उचलायचे नसेल तर भांडे जड, रुंद आणि उष्णता धरून ठेवणारे असावे, जसे कोरियातले तुक्बेगी हे मातीचे भांडे असते, ज्यात रस्सा उकळत्या अवस्थेतच पानापर्यंत येतो. उचलायचे असेल तर ते हलके असावे आणि बोटांना खाली जागा असावी. आमचा वाडगा ना धड उचलता येतो, ना चुलीवर ठेवता येतो. शिवाय त्याच्या जाड थंड भिंती पहिल्या दोन मिनिटांतच रश्शाची उष्णता ओढून घेतात. वाढण्यापूर्वी त्यात कढत पाणी घालून पाच मिनिटे ठेवले तर हा दोष बराच कमी होतो आणि आम्ही आता तसेच करतो. मात्र असे करावे लागते हे पत्रकात लिहिले असते, तर पहिले पंधरा दिवस आम्ही कोमट सूप प्यायलो नसतो.

ताटल्यांबद्दल माझा आक्षेप याहून गंभीर आहे. त्या २२ सेंटिमीटरच्या, पूर्ण सपाट आणि बिनकाठाच्या आहेत, त्यांवर कुंचल्याचा एक काळा फटकारा आहे आणि झिलई मॅट, म्हणजे चकाकी नसलेली आहे. छायाचित्रात त्या अतिशय देखण्या दिसतात. पण आशियातल्या घरांत ताटलीत काय वाढले जाते याचा विचार केला तर बहुतेक वेळा भात आणि त्यावर काहीतरी पातळ, मग ते वरण असो, नारळाच्या दुधातली थाई आमटी असो की इंडोनेशियातली रसभाजी असो. त्या रसाला थोपवायला काठ लागतो. हाताने जेवणाऱ्याला तर काठ दुहेरी लागतो, कारण शेवटचा घास गोळा करताना बोटे भात कशाला तरी टेकवून उचलतात, आणि सपाट ताटलीवर तो घास पुढे पुढे सरकत टेबलावर उतरतो. पानावर जेवतानाही काठ नसतो हे खरे, पण म्हणूनच तिथे भाताचे आळे करून त्यात वरण घेतात. शिवाय पान एवढे मोठे असते की रस पसरला तरी त्यावरच राहतो. २२ सेंटिमीटरच्या ताटलीत आळे करायला जागा नाही. ही ताटली खरे म्हणजे दुसऱ्याच जेवणासाठी आहे, ज्यात मधोमध एक कोरडा पदार्थ आणि भोवती मोकळी जागा सोडायची असते, आणि तिला आशियाई ठरवण्याचे सगळे काम त्या काळ्या फटकाऱ्यावर सोपवले आहे.

मॅट झिलईचा त्रास वेगळाच. दोन महिन्यांत चारही ताटल्यांवर राखाडी रेघा उमटल्या आणि मला वाटले की झिलई खरवडली गेली. तसे नव्हते. मॅट झिलईचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खरबरीत असतो, त्यामुळे स्टीलचा चमचा तिच्यावरून फिरला की चमच्याचाच धातू घासून तिच्यावर बसतो. खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट करून चोळले की रेघा फिकट होतात, पूर्ण जात मात्र नाहीत. करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाकडी किंवा बांबूच्या काड्यांनी जेवणारे घर असावे, ज्या काड्यांनी अशा रेघा पडत नाहीत. पण थायलंड, इंडोनेशिया आणि फिलिपीन्समध्ये लोक घरी चमचा-काट्याने जेवतात, कोरियात तर काड्याही धातूच्या असतात, आणि भारतीय घरातले चमचे कशाचे असतात हे सांगायला नको. आशियाचे नाव घेऊन भांडी करायची आणि निम्म्या आशियाचा चमचा विसरायचा, हे मला खटकते.

चमच्यांबद्दल थोडक्यात लिहिते. चिनी पद्धतीचा सपाट बुडाचा, आखूड दांड्याचा सिरॅमिकचा चमचा ही मुळात फार विचारी वस्तू आहे. तो टेबलावर स्थिर बसतो आणि गरम रश्शातही धातूच्या चमच्यासारखा तापून ओठ भाजत नाही. आमचे चमचे वाजवीपेक्षा खोल आणि काठाला जाड आहेत, त्यामुळे ओठांना त्यातला शेवटचा घोट मिळत नाही. चमच्याला सगळीकडून झिलई असल्याने तो भट्टीत अणकुचीदार आधारांवर ठेवावा लागतो आणि त्याच्या खुणा मागे राहतात. त्या घासून गुळगुळीत करायच्या असतात, पण इथे तीन टोके तशीच राहिली होती आणि मला ती बारीक पॉलिश पेपरने स्वतः घासावी लागली. एक चमचा पहिल्याच महिन्यात दांड्याच्या सांध्याशी मोडला. स्टुडिओने विनातक्रार दुसरा पाठवला, हे नोंदवणे न्यायाचे आहे.

छोट्या बश्या मात्र अशा आहेत की त्यांच्यासाठी मी पूर्ण संच घेतला असता. नऊ सेंटिमीटरची, दीड सेंटिमीटर खोल अशी ही बशी आहे आणि तिच्या काठाला एका जागी अंगठ्याने दाबून पन्हाळीसारखी लहानशी घळ केली आहे. त्या घळीतून उरलेला सॉस परत वाटीत ओतता येतो, आणि बोट टेकवून बशी सहज उचलताही येते. झिलई चकचकीत आणि फिकट सेलाडॉन रंगाची आहे. सेलाडॉनचा हा हिरवा रंग झिलईतल्या एक ते तीन टक्के लोहामुळे येतो, पण भट्टीतला प्राणवायू कमी केला तरच. तेवढेच लोह भरपूर हवेत भाजले तर पिवळा-तपकिरी रंग येतो. चीनमधल्या लोंगछुआनच्या भट्ट्यांनी आणि कोरियातल्या गोर्यो काळातल्या (दहावे ते चौदावे शतक) कुंभारांनी या रंगावर जे प्रभुत्व मिळवले त्याच्या जवळपासही ही बशी जात नाही, आणि तिला जायचेही नाही. तिच्यात थोडा सोया सॉस ओतला की मधोमध जवळजवळ काळा दिसतो आणि काठाकडे पातळ होत तांबूस होतो, आणि त्या तांबूस कडेखालून हिरवा दिसू लागतो. हिरव्या मिरचीची चटणी, लसणाचे तिखट, लिंबाची फोड, काहीही ठेवले तरी पदार्थ उठून दिसतो आणि बशी मागे राहते.

अशा छोट्या वस्तूंमध्ये घडवणाऱ्याचे कसब जास्त कळते, असा माझा अनुभव आहे. मोरी मासाहिरो यांनी १९५८ मध्ये हासामीच्या हाकुसान तोकी या कारखान्यासाठी सोया सॉसची एक छोटी बाटली रेखाटली, जिला मूठ नाही, जी वरच्या झाकणाशीच दोन बोटांनी धरायची असते आणि जिची चोच ओतल्यावर गळत नाही. तिच्यावर काही चितारलेले नाही. जेवताना हात काय करतो एवढेच त्यांनी पाहिले आणि ते इतके अचूक पाहिले की ती बाटली अजूनही तयार होते. आमच्या बशीची घळ त्याच जातीची आहे.

सजावटीच्या बाबतीत संच एकंदरीत संयमी आहे. ड्रॅगन, चेरीची फुले, पंखे असे काही नाही. मला स्वतःला चित्रे वर्ज्य नाहीत. थायलंडमधल्या लाम्पांगचे कोंबड्याच्या चित्राचे वाडगे, ज्यावर काळ्या शेपटीचा लालसर कोंबडा आणि शेजारी केळीचे झाड असते, किंवा चीनमधल्या जिंगदेझनचे ‘तांदळाच्या दाण्यांचे’ वाडगे, ज्यात कच्च्या भिंतीला दाण्याएवढी छिद्रे पाडून ती पारदर्शक झिलईने भरतात आणि उजेडाकडे धरले की दाणे चमकतात, ही घरगुती भांडीच आहेत आणि तिथल्या माणसांना त्यांतच घर दिसते. पण ते चित्र त्या वाडग्यात वर्षानुवर्षे जेवल्यामुळे घरचे झाले आहे, आणि नव्या स्टुडिओला ते उसने घेता येत नाही. जपानमध्ये विचारवंत यानागी सोएत्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ मध्ये सामान्यांच्या रोजच्या वस्तूंमधल्या सौंदर्याला ‘मिंगेई’ हे नाव दिले, तेव्हा त्यांचे म्हणणे याच अंगाने जाणारे होते. जपानने राष्ट्रीय ठेवा ठरवलेला किझाएमोन इदो हा चहाचा वाडगा मुळात कोरियातला, अनाम कुंभाराने केलेला साधा वाडगा आहे, हे यानागींना फार मोलाचे वाटत असे. या संचाच्या वाडग्याची मलईसारखी पांढरट झिलई, जी पेजेवरच्या निवळीच्या रंगाची आहे आणि काठाशी पातळ होऊन खालची तांबूस माती दाखवते, मला या दृष्टीने पुरेशी वाटते.

झाकणाच्या भांड्याविषयी माझे मत अजून पूर्ण बनलेले नाही. आकार सुरेख आहे. झाकणाची मूठ गोल कड्यासारखी असल्यामुळे झाकण उलटे ठेवले की त्याचीच एक बशी होते, आणि जपानमधल्या झाकणाच्या वाडग्यांची ही जुनी युक्ती रोजच्या घाईत फार उपयोगी पडते. भात त्यात पाऊण तास गरम राहतो. पण बाकीची भांडी जेवढ्या उष्णतेला भाजली आहेत त्यापेक्षा हे कमी भाजलेले असावे, कारण त्याची माती पाणी शोषते आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवले की आतल्या भाताआधी भांडेच तापते. तिसऱ्या महिन्यात आतल्या झिलईला केसासारख्या बारीक तड्यांची जाळी पडली. निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की ती कायम ताणाखाली राहते आणि पुढे वापरात अशी फुटते. जपानी रसिक या जाळीला दोष मानत नाहीत, उलट काळाबरोबर ती गडद होताना पाहणे त्यांना आवडते. आमच्याकडे मात्र जाळी पडल्यावर पहिल्याच दिवशी त्यात हळदीची आमटी गेली आणि सगळी जाळी पिवळी झाली.

यावर उपाय आहे आणि तो घराघरांत ठाऊक असलेल्या वस्तूचाच आहे. जपानमधल्या इगा भागातली मातीची भांडी सच्छिद्र मातीची असतात आणि नवे भांडे आणले की पहिल्यांदा त्यात पातळ पेज शिजवतात, म्हणजे तांदळाचा स्टार्च बारीक छिद्रांत बसून ती बुजतात. मी हे भांडे पाण्यात घालून हळूहळू तापवत तांदळाच्या धुवणात वीस मिनिटे उकळले, त्यातच गार होऊ दिले आणि दोन दिवस वाळवले. त्यानंतर नवे डाग बसण्याचे प्रमाण बरेच कमी झाले. जुना पिवळा रंग उन्हात ठेवून उतरला, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. चार दिवस कडक ऊन मिळाले आणि जाळी पुन्हा फिकट करडी झाली. ही सगळी माहिती भांडे करणाऱ्याने पहिल्याच दिवशी ग्राहकाच्या हातात द्यायला हवी होती. घरगुती जेवणाचे नाव घेणाऱ्याने हळद, चिंच, तेल आणि तिखट गृहीत धरलेच पाहिजे.

एक प्रश्न मी स्टुडिओला आवर्जून विचारला आणि प्रत्येक ग्राहकाने विचारावा असे मला वाटते. काही रंगांत आणि झिलईंत शिसे किंवा कॅडमियम असू शकते आणि व्हिनेगर, लिंबू, चिंच यांसारख्या आंबट पदार्थांमुळे ते अन्नात उतरू शकते. झिलईच्या वर चितारलेल्या, कमी उष्णतेला भाजलेल्या रंगांत हा धोका अधिक असतो. त्यांनी दोन दिवसांत प्रयोगशाळेचा अहवाल पाठवला, त्यात दोन्ही धातू आढळलेले नव्हते, आणि ताटलीवरचा काळा फटकाराही झिलईच्या खाली असल्याचे त्यांनी कळवले. हे उत्तर तत्पर आणि स्वच्छ होते.

टिकाऊपणाबद्दल सांगायचे तर आठ महिन्यांत भाताच्या एका वाडग्याचा काठ नळाला लागून तांदळाच्या दाण्याएवढा उडाला, बाकी तिन्ही शाबूत आहेत. वाडगे एकात एक नीट बसतात. मात्र बुडाची बिनझिलईची कडी सुरुवातीला खरबरीत होती आणि खालच्या वाडग्याच्या झिलईवर घासत होती, म्हणून दोन वाडग्यांची बुडे ओली करून एकमेकांवर पाच मिनिटे घासून ती मऊ करून घेतली. भाताचे वाडगे आणि बश्या सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्याव्यात, झाकणाचे भांडे तांदळाच्या धुवणात उकळून मगच वापरात आणावे आणि मोठे वाडगे नव्याने, उंच कड्याचे आणि दीडशे ग्रॅमने हलके होईपर्यंत थांबावे, असे मी सांगेन.

आम्ही भाताचे आणखी चार वाडगे मागवले आहेत. ताटल्या पुन्हा खोक्यात गेल्या. काठ उडालेला वाडगा मी काढून ठेवणार होते, पण सासूबाईंनी तो आपल्याकडे घेतला. उडालेली जागा त्या बरोबर अंगठ्याखाली धरतात आणि दुसऱ्या बाजूने पेज पितात.